पुंगळी काढलेल्या मोटरसायकलची जबानी

मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी गॅरेजचं शटर बाहेरून वर उचललं गेलं. आत माझं इंजिन सुरू होतं. माझ्या मागच्या चाकापाशी, सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर, एक म्हातारा माणूस कुशीवर पडला होता. त्याच्या एका हातात ओलं फडकं होतं, दुसऱ्या हातात खडू.

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. वय बारा वर्षं, रंग काळा, टाकीवर डाव्या बाजूला एक पोचा. त्या दुपारी शटरच्या आत त्या माणसाशिवाय फक्त मी होते. म्हणून जे घडलं ते पहिल्यापासून सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा सायलेन्सर धड होता. त्याच्या आत पत्र्याचे पडदे होते आणि मधोमध भोकं पाडलेली एक नळी. तिला सगळे पुंगळी म्हणतात. इंजिनाच्या पोटातले स्फोट पुंगळीतून आणि पडद्यांमधून फिरत फिरत थकायचे, आणि बाहेर यायचा तो नुसता हुंकार. त्याच्याही आधी, नळीच्या वळणात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एक जाळी होती. तिचा आवाजाशी संबंध नव्हता. माझ्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. जाळी तो बराचसा जाळून टाकायची. सायलेन्सरच्या बुडाला कारखान्याने एक क्रमांक ठोकला होता, माणसाच्या अंगावर जन्मखूण असावी तसा.

माझे पहिले मालक घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचत. दिवसाला साठ घरं, म्हणजे साठ वेळा चावी बंद आणि साठ वेळा किक. आठ वर्षं मी हे केलं आणि एकदाही अडून बसले नाही. संध्याकाळी ते जुन्या बनियनने मला पुसत, आधी टाकी, मग सायलेन्सर, तोही गार झाल्यावरच. शेजारीण म्हणायची, "तुमची गाडी आहे की शिवणयंत्र? कधी येते, कधी जाते, पत्ता लागत नाही." मालकांना ते ऐकून फार बरं वाटे. मलाही वाटे.

मग त्यांचे गुडघे गेले. त्यांनी मला भाच्याच्या हवाली केलं.

भाचा वाईट नव्हता. त्याला लोकांनी वळून बघायला हवं होतं, एवढंच. तिसऱ्या आठवड्यात तो मला एका पत्र्याच्या शेडखाली घेऊन गेला. तिथल्या माणसाने कटर लावून माझा सायलेन्सर बुडातून फाडला, पडदे आणि पुंगळी ओढून काढली, वळणातली जाळी छिन्नीने फोडली आणि सगळं एका पिंपात फेकलं. पेट्रोल जास्त ओढावं म्हणून कार्बोरेटरमधला बारीक जेटही बदलला. दीड तासाचं काम. पिंपात माझ्यासारख्या इतर कितीजणींची आतडी होती, ते मी मोजलं नाही.

घरी पोचलो तेव्हा मालक दारात उभे होते.

"कुणाची आणलीस रे?"

"आपलीच आहे मामा!"

"आपली असती तर मला चपला घालायला वेळ मिळाला असता. तू कोपऱ्यावर होतास तेव्हाच फळीवरची भांडी थरथरली."

"घसा मोकळा केलाय तिचा, बाकी काही नाही."

"घसा नव्हे, कोथळा काढलास तिचा." एवढं बोलून ते आत गेले. पुन्हा माझ्यावर बसले नाहीत, मला पुसायलाही आले नाहीत.

मित्रांनो, चार वर्षं मी ओरडत फिरले. लोक वळून बघत होते हे खरं, पण त्यांच्या तोंडावर कौतुक नव्हतं. मग भाच्याला नवी गाडी हवीशी झाली आणि मी एका दलालाच्या आवारात जाऊन उभी राहिले.

ओरडणारी गाडी घरंदाज गिऱ्हाईक घेत नाही, हे दलालाला पाठ होतं. त्याने वेल्डरला बोलावलं. माझ्या बुडाचा कापलेला सांधा पुन्हा जोडला गेला. ठोकलेला क्रमांक घासून टाकला, कारण कटरची रेघ नेमकी त्याच्यामधून गेली होती. वळणावरचं पत्र्याचं झाकण टाके मारून पक्कं बसवलं, म्हणजे आत जाळी नाही हे कुणाला दिसायला नको. आणि सायलेन्सरच्या पोकळीत भांडी घासायच्या तारेच्या सहा घासण्या कोंबल्या. वरून काळा रंग दिला. पुढचे काही दिवस मी पुन्हा हळू बोलू लागले. तारा जळून जाईपर्यंत टिकेल, इतपत हळू.

अशात एक नर्स मला बघायला आली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या जखमांची ती घरी जाऊन मलमपट्टी करायची. तिची एकच अट होती.

"आवाज नको. माझ्या पेशंटचा दुपारी डोळा लागला तर लागला. गाडीच्या आवाजाने दचकून उठले तर पट्टी बांधायची बाजूलाच, मी त्यांना थोपटत बसते."

"ताई, ऐका की," दलालाने मला सुरू केलं. "मांजर आहे मांजर. सायलेन्सरला बोट लागलेलं नाही कुणाचं."

"मग दाखवून आणते एकदा. बघायला काय जातं?"

"कुणाला दाखवणार?"

"कानकाकांना."

दलालाने माझी चावी बंद केली. मग हसून म्हणाला, "दाखवा की. त्यांना अजून ऐकू येतं होय?"

नर्सला तो टोमणा वाटला. टोमणा नव्हता तो; दलालाला ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

कानकाका म्हणजे त्या भागातला जुन्या गाड्यांचा पारखी. चाळीस वर्षं लोक गाडी घेण्याआधी त्याच्याकडे आणत होते. गाडीच्या धुराड्यात कुणी काय फिरवाफिरवी केली आहे, ते तो सांगायचा. बघून, ठोकून आणि शेवटी ऐकून. त्याची एक पद्धत होती. गाडीशेजारी फरशीवरच खडूने एकेक खोट लिहायची. मग त्याची मुलगी ते कागदावर उतरवून शिक्का मारायची. त्या शिक्क्यापुढे दलालांचं तोंड बंद होई.

मंगळवारी साडेतीनला नर्सने मला त्याच्या गॅरेजमध्ये उभं केलं आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका आजींची पट्टी बदलायला गेली. "चार-सव्वाचारला येते, काका."

कानकाका खाली बसला. बुडाला हात फिरवला आणि लिहिलं : *१. क्रमांक घासलेला.* बोटाने सांधा चाचपला : *२. जोड हाताचा, कारखान्याचा नाही.* मागच्या बाजूला सरकून बघितलं : *३. बारा वर्षांची गाडी, पकडपट्टीचे बोल्ट नवे.* मग स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने सायलेन्सरवर टकटक केलं, डोकं तिरकं करून पुन्हा केलं आणि सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारून चिमट्याने एक तार ओढून काढली.

"पोरी, इकडे ये. घासणी भरलीय मेल्याने! आता ह्याच्यात भांडीही घासून मिळतील." त्याने लिहिलं : *४. पुंगळी नाही.*

मुलगी म्हणाली, "मग झालं की बाबा. नापास लिहा आणि उठा."

"आणि जाळी? तीही काढलीय का, ते कोण सांगणार? झाकण तर टाके मारून बसवलंय."

"कापून बघा."

"गाडी अजून दलालाची आहे. दुसऱ्याच्या मालाला कटर लावू? वळणावर फाडून जोडलं असेल तर बारीक फुसफुस येते. सायलेन्सरच्या तोंडाला ओलं फडकं दाबायचं आणि ऐकायचं."

त्याला कमी ऐकू येतं, हे दोन वर्षांपासून मुलीच्या लक्षात येत होतं. तो घड्याळाच्या गजराने उठत नव्हता, कुकरच्या शिट्ट्या मोजत नव्हता, फोनवर नुसतं हो-हो करत होता. गिऱ्हाइकांना हे तिने कधी कळू दिलं नव्हतं.

"मी थांबते," ती म्हणाली. "तुम्ही फडकं धरा, मी ऐकते."

"कान माझे की तुझे?"

"तसं नाही बाबा…"

"तसंच आहे. जा, शिक्क्याची शाई संपलीय ती घेऊन ये. तुझी चुळबूळच जास्त ऐकू येते मला."

ती गेली.

ऐकायचं असलं की कानकाका शटर खाली ओढायचा. रस्त्याचा आवाज नको, आणि वरच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाईंची तक्रार नको. मागच्या भिंतीत धूर ओढून घेणारा पंखा होता, तोही बंद करायचा, कारण त्याची घरघर आड येई. हे धोक्याचं आहे हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने स्वतःला नियम घालून दिला होता : एकशे वीस आकडे तोंडाने मोजायचे आणि शटर उघडायचं. चाळीस वर्षं दोन मिनिटं त्याला पुरली होती, कारण फुसफुस त्याला पन्नासच्या आतच सापडे.

तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी शटर खाली आलं.

मित्रांनो, मी फुसफुसत होते. वळणावरच्या जोडातून, त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर. मी एवढंच करू शकत होते आणि ते मी करत होते. तो एकशे वीसपर्यंत आला, थांबला आणि पुन्हा एकपासून सुरू झाला. दुसऱ्या खेपेला दुसरा कान लावला. तिसऱ्या खेपेला स्वतःशीच म्हणाला, "आहे कुठे तू?" चौथ्या खेपेला बेचाळीसनंतर अठ्ठ्याण्णव म्हणाला. मग पुन्हा बेचाळीस. मग त्याने फरशीवर *५* लिहिलं आणि त्याच्यापुढे टिंब दिलं.

धड गाडीसुद्धा बंद खोलीत जीव घेऊ शकते. माझ्यात तर जाळी नव्हती आणि पेट्रोल वाढवलेलं होतं. मी भरभर विष सोडत होते. ते बंद करायला मला हात नव्हता.

मुलगी शाई घेऊन गल्लीच्या वळणावर आली तेव्हा नर्सही समोरून येत होती. शटर खाली आणि आत इंजिन सुरू, हे मुलीने पाहिलं. आत्ताच सुरू केलं असेल, दोन मिनिटांत उघडेलच, असं तिला वाटलं. तिने घड्याळाकडे बघत वाट पाहिली. दोन मिनिटं पूर्ण. नियमाप्रमाणे.

"शटर का बंद आहे?" नर्सने विचारलं.

"ऐकतायत."

"किती वेळ?"

तेव्हा मुलीने शटरला हात घातला.

चावी नर्सने बंद केली. दोघींनी त्याला ओढत रस्त्यावर आणलं. नर्स त्याच्या छातीवर दाब देत होती, तोंडाने श्वास देत होती, आणि मध्येच ओरडली, "शटर पूर्ण वर राहू दे! पंखा लावायलाही आत जाऊ नका कुणी!" मुलगी त्याच्या कानाशी तोंड नेऊन "बाबा, बाबा" करत होती. कानाशी, मोठ्याने. शिकवणीची मुलं जिन्यात येऊन उभी राहिली होती. चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी रुग्णवाहिका आली आणि त्याला घेऊन गेली.

आता मी पोलीस चौकीच्या मागच्या आवारात उभी आहे. हँडलला तारेने पुठ्ठा बांधला आहे, त्यावर तारीख आणि नंबर. दलालाने लिहून दिलं, "मी घेतली तशीच विकत होतो." भाच्याने लिहून दिलं, "मी फक्त पुंगळी काढायला सांगितली, जाळीचं मला माहीत नाही." वेल्डरच्या दुकानाला कुलूप आहे. माझा सायलेन्सर अजून कुणी उघडलेला नाही. उघडून बघणारा जाणकार हवा, असा शेरा कागदावर आहे. त्या भागात तसा जाणकार एकच होता.

शुक्रवारी माझे पहिले मालक काठी टेकत आले. खिशातून जुना बनियन काढून टाकी पुसू लागले. शिपाई म्हणाला, "काका, पुराव्याला हात लावू नका." त्यांनी बनियनची घडी घातली आणि खिशात ठेवली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी माझ्यासारखी असेल तर तिला आवाजासाठी कापू नका. कापलीच असेल तर लपवू नका. विकताना तोंडाने सांगा, भाव पडला तरी सांगा. आणि घरातल्या कुणाला कमी ऐकू येत असेल तर तेही झाकू नका. माझी खोट झाकली होती, त्याचीही झाकली होती. त्या बंद शटरच्या आत आम्ही दोघं समोरासमोर होतो.

काल, म्हणजे अकराव्या दिवशी, मुलगी आणि नर्स माझे फोटो घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या बोलण्यातून कळलं ते असं : कानकाका आपला आपण श्वास घेतो. नजर दिव्याबरोबर फिरते. हाक मारली तर वळत नाही. ते डोक्यामुळे की कानामुळे, डॉक्टरांना सांगता येत नाही. गॅरेजची फरशी मुलीने पुसू दिलेली नाही. पाचच्या आकड्यावर तिने पालथं पिंप ठेवलं आहे.

काल सकाळी साडेनऊला तिने पाटीवर "५." लिहून त्याच्यासमोर धरलं आणि त्याच्या बोटांत खडू दिला. त्याने खडू धरला. पाटीवर, शब्दाच्या डोक्यावर असते तशी, एक आडवी रेघ ओढली आणि डोळे मिटले.

रेघेखाली अक्षर अजून आलेलं नाही.