व्हरांड्यातला गालिचा

बाबांनी काठी जमिनीवर आपटली आणि कान टवकारले. काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा आपटली, जरा जोरानं.

"कुठे आणलंस मला?"

"तुमच्या शाळेत, बाबा. खालच्या व्हरांड्यात."

"ही नव्हे."

लेक गोंधळून व्हरांड्याकडे पाहू लागली. अंध मुलांच्या या जुन्या शाळेचं वाचनालय करण्याचं काम तिच्याकडे, म्हणजे घरातल्याच आर्किटेक्टकडे आलं, तेव्हा बाबा दोन दिवस धड बोलले नव्हते. जन्मापासून अंध असलेल्या या माणसाच्या डोक्यात ती इमारत पायरीपायरीनं शाबूत होती. तिची आईही अंधच, याच शाळेतली. रोज संध्याकाळी दोघं या व्हरांड्यात भेटायची. जो आधी पोचेल त्यानं दुसऱ्याची पावलं ओळखायची. आई जाऊन आता चार वर्षं झाली होती. तू तिथे हात लावलास तर माझ्याकडे आहे तेवढंही जाईल, असं बाबा म्हणाले होते. काही हरवू देणार नाही, असा शब्द तिनं दिला होता.

आणि तो पाळायला जिवाचं रान केलं होतं. रंगाचे सात थर खरवडून खिडक्यांचा मूळचा हिरवा शोधला. भिंत फोडायला नको म्हणून लिफ्ट बाहेर अंगणात उभी केली. बिजागऱ्यासुद्धा जुन्यासारख्या घडवून घेतल्या, तेव्हा नाकापेक्षा मोती जड होतोय, असं ठेकेदारानं ऐकवलं होतं. सगळं पूर्वीसारखं दिसत होतं. मग वाचणाऱ्यांना शांतता हवी म्हणून तिनं व्हरांडाभर जाड गालिचा अंथरला. डोळस माणसाचं शहाणपण.

गालिच्यानं काठीचा आवाजच गिळला होता, हे तिला कळलं तेव्हा रडूच आलं. ती गुडघ्यांवर बसली आणि भिंतीलगतची गालिच्याची कड उचलून गुंडाळत, सरकत सरकत पार टोकापर्यंत गेली. खाली दगडी फरशीची वीतभर रुंद पट्टी उघडी पडली. दुपारचं ऊन त्या पट्टीवर येऊन पसरलं, धूळ हवेत तरंगत राहिली, आणि इतकी वर्षं रिकामी असलेली ती जागा कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी वाटू लागली.

बाबांनी चाचपडत काठी त्या पट्टीवर टेकली. आवाज लांबवर गेला आणि परत आला. त्यांचे खांदे सैल झाले.

"तिथूनच चालत ये," ते म्हणाले. "बोलू नकोस."

ते कशाची आशा धरून उभे आहेत हे तिला समजलं. तिनं आईसारखी छोटी पावलं टाकून पाहिली, पण चार पावलांत विसरली आणि आपल्या सवयीनं चालत आली. बाबा मान तिरकी करून ऐकत होते.

"आईसारखं वाटलं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "ती अलगद टेकवायची. तू टाच आपटतेस. डावी जरा जास्तच."

"मग?"

"असं चालतो म्हणून गुरुजी मला ओरडायचे." ते हलकेच हसले. "म्हणजे इथे उभी राहून तुझी आई हे ऐकायची होय."

ती डोळे पुसत जवळ आली. त्यांनी तिला हातानंच थांबवलं.

"पुन्हा एकदा ये," ते म्हणाले.