मैदानाचं माप

आमच्या ह्यांनी महाविद्यालयात जन्मभर व्यायाम शिकवला, धावपटू घडवले, आणि घरात जमवले ते फक्त कागद. संघांच्या याद्या, सरावाची वेळापत्रकं, कोणाचा घोटा कधी मुरगळला त्याच्या नोंदी, सगळं आतल्या खोलीत छताला भिडलेलं. निवृत्तीनंतर महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी हे कागद जतन करायला मागितले, तेव्हा ह्यांचा ऊर भरून आला आणि मला एक खोली मिळाली. कोणाचा आनंद मोठा होता, ते सांगत बसत नाही.

ग्रंथपाल भलता काटेकोर माणूस. प्रत्येक कागदाला त्यांनी पाकीट दिलं, पाकिटाला क्रमांक दिला आणि बघायला येणाऱ्याला सुती हातमोजे. हे स्वतःचेच कागद बघायला गेले तर ह्यांनाही हातमोजे चढवायला लावले. घरी येऊन दिवसभर धुसफुसत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

अशात पाण्याच्या पाइपसाठी मैदान खणलं गेलं आणि मजुरांनी धावपट्टीच्या दोन खुंट्या उपटून टाकल्या. ह्या लोखंडी खुंट्या म्हणजे दोन्ही वळणांचे मध्य. त्यांना दोर बांधून फिरवला की चुन्याच्या फक्कीची रेषा आपसूक गोल निघते. मैदान मुळातच वेडंवाकडं, त्यामुळे खुंटी हातभर जरी सरकली तरी सगळा खेळ बिघडतो. आताची क्रीडाशिक्षिका ह्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिला हे अजून भिंगरीच म्हणतात. रविवारी बाहेरचे संघ यायचे होते आणि बिचारीने फीत घेऊन दोनदा आखणी केली. एकदा वळण सायकलींच्या छपरात शिरलं, एकदा कुंपणाच्या भिंतीत.

तेवढ्यात ग्रंथपालांना ह्यांच्या कागदांत मैदानाचा नकाशा सापडला. पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यापासून आणि भिंतीपासून प्रत्येक खुंटी किती अंतरावर, ते त्यात होतं, पण पावलांत. एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून टाकलेली पावलं. ग्रंथपाल खुशीत घरी आले आणि म्हणाले की त्यांनी नोंदही करून टाकली आहे: एकक, सरांचे पाऊल.

मी चहा गाळत होते. कपाळाला हात लावायचा तेवढा राहिला, कारण ते पाऊल ह्यांचं नव्हतं. माझं होतं.

लग्न होऊन मी नुकतीच आले होते. पोरांना उडी दाखवायच्या नादात ह्यांनी पाय मोडून घेतला होता. महाविद्यालयाला सुट्टी, फीत कोठीत, कोठीची किल्ली कारकुनाकडे आणि कारकून गावाला. स्पर्धा तर तोंडावर आलेली. तेव्हा हे खुर्चीत बसले, प्लास्टरमधला पाय पुढे केला, मांडीवर पाटी आणि तिच्यावर कागद घेतला आणि चाचरत मला विचारलं, जरा चालशील का. ढांग दमल्यावर आखूड होते, पाऊल होत नाही, हेही समजावून सांगितलं. तोवर आमच्यात "पाणी हवं का" आणि "दार लावून घे" यापलीकडे बोलणं नव्हतं. मी चपला काढल्या आणि मोठ्याने मोजत चालले, हे लिहीत गेले. आमचं पहिलं लांबलचक बोलणं ते, नुसते आकडे. संध्याकाळपर्यंत दोघंही कशाला तरी हसत होतो.

पुढे प्रत्येक समारंभात हे सांगायला लागले, "मी पाऊल लावून मैदान मोजलं." आधी मला वाटलं, असू दे, बोलण्याच्या ओघात होतं. निरोप समारंभापर्यंत ते ह्यांना खरंच वाटायला लागलं होतं.

म्हणून ग्रंथपालांसमोर मी खरं काय ते सांगितलं नाही. थोडा राग होता, नाही कशाला म्हणू. पण मैदानाचं काही अडत नव्हतं, वेळ आली तर मी बोललेच असते. मला बघायचं होतं की तो दिवस ह्यांच्या डोक्यातून साफ पुसला गेलाय का. आठवण करून दिल्यावर आलेली आठवण मला नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बूट चकचकीत करून मैदानावर हजर. टाकीपासून पावलं टाकली, भिंगरीने खुंटी ठोकली, दोर फिरवला, आणि दोर थेट पलीकडच्या भिंतीवर आपटला. ह्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा भिंत. मग टाकीला गिलावा जाड झालाय असं ठरलं, मग भिंत पुढे सरकवली असेल असं. ह्यांचं पाऊल माझ्याहून बोटभर मोठं, खुंटी पुढे जाणारच; मी पायऱ्यांवर बसून मजा बघत होते. पण तिसऱ्यांदा दोर आपटला तसा ह्यांचा चेहरा पडला आणि माझी मजा संपली. म्हातारा माणूस, सगळ्यांसमोर. शब्द अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात ह्यांनी ग्रंथपालांकडे नकाशा मागितला. त्यांनी तो पारदर्शक पाकिटात घालून आणला होता आणि तान्हं बाळ धरावं तसा दोन्ही हातांनी धरला होता. हातात काही दिला नाही, समोर धरला. हे वाकून त्यातली अक्षरं बघायला लागले.

"हे मी उभ्याने लिहिलेलं नाही," हे म्हणाले. "मैदानावरचं माझं अक्षर तिरकं येतं. इथे मी बसलेलो आहे."

मग स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग मागे वळून माझ्याकडे.

"प्लास्टर," हे म्हणाले.

पायऱ्यांपाशी आले आणि मैदानावरच्या त्या खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगितलं, "पाऊल हिचं आहे. मी खुर्चीत बसलो होतो. इतकी वर्षं मी मोजलं म्हणत आलो आणि ही ऐकत आली. खोडा ती नोंद. मी नुसता लेखनिक."

ग्रंथपाल म्हणाले की त्यांच्याकडे खोडत नाहीत, खाली नवी नोंद करतात. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी वाद घातला नाही.

"सांगितलं का नाहीस?" मला विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हटलं.

भिंगरीने खुर्ची आणली. मी चपला काढल्या. अंगाने मी दुप्पट झाले आहे, पाऊलही पसरलं असलं तर काय, अशी धाकधूक होती. पण चपलेचा नंबर तोच आहे म्हणून भिंगरीलाही धीर दिला आणि स्वतःलाही. हे खुर्चीत बसले, लिहायचं काही नव्हतं तरी मांडीवर पाटी घेऊन. पहिली खुंटी बसली. दोर फिरला आणि भिंतीला न शिवता परत आला. भिंगरी तिथल्या तिथे फक्कीत बसून हसायला लागली.

दुसऱ्या खुंटीच्या वाटेवर ऊन चढलं होतं. माती पायाखाली ऊबदार लागत होती. मी आपली मोजत होते. "सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, ऐंशी."

"एकोणऐंशी राहिलं," खुर्चीतून आवाज आला.

मी थांबले.

"तेव्हाही तू हेच गाळलं होतंस," हे म्हणाले. "नवी नवरी, टोकायचा धीर झाला नाही. मग शेवटी मीच गुपचूप आकडा एकने कमी करून लिहिला."

मी मागे वळून खुर्चीकडे बघितलं आणि पुढचा पाय उचलला.

"ऐंशी," हे म्हणाले, आणि मी पाऊल टाकलं.