पोहणारा खेकडा आणि शेवंताबाईचं मीठ

हिवाळ्यात लामता गावात येऊन ज्यानं शेवंताबाईच्या हातचा खेकड्याचा रस्सा खाल्ला नाही, तो आलाच कशाला, असं शेवंताबाई स्वतःच म्हणे. धानाच्या बांधातल्या बिळांत हात घालून खेकडे काढण्यात तिची हयात गेली होती. रश्श्यात मीठ तर ती कुणालाच टाकू देत नसे.

त्यामुळे तिच्या मुलानं, चैतरामनं, उन्हाळ्यात मुंबईहून करून आणलेली बायको, कोळीवाड्यातली आनंदी, जेव्हा विहिरीवर म्हणाली की आमच्याकडे खेकडे पोहतात, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं सासूच हसली. खेकडा चालतो, तोही वाकडा. पोहेल कसा?

शेजारची रुख्माबाई मग चारचौघींत आनंदीला थापाडी म्हणू लागली. पोरगी विहिरीवर जाईनाशी झाली. शेवंताबाईला घास गोड लागेना, कारण हसायला सुरुवात तिनंच केली होती.

त्रेसष्ट सालच्या पौषात चैतराम सासुरवाडीहून परतला, तो टोपलीत ओल्या गोणपाटाखाली खेकडे घेऊन. छोट्या लाईनीच्या आगगाडीतून उतरेपर्यंत एकच जिवंत उरला होता. तळहाताएवढा, पाठीवर तीन लाल ठिपके, मागचे पाय भातवाढीसारखे चपटे. शेवंताबाईनं कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. सगळी आळी गोळा केली आणि बांधावरचे खेकडे ठेवतात तसं घमेल्यात विहिरीचं ताजं पाणी भरून त्याला सोडलं.

खेकडा तळाशी जाऊन बसला तो बसलाच.

रुख्माबाई पदराआड हसली. आनंदी सासूच्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, तो समुद्रातला आहे. त्याला खारं पाणी लागतं."

रुख्माबाईचे कान तिखट. "आता हे काहून नवीन काढलं? शिजवाच्या आधीच मीठ?"

शेवंताबाईनं सुनेकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरले होते, पण नजर खाली नव्हती. म्हातारी उठली आणि खड्या मिठाचं मडकं घेऊन आली. बाजार चार दिवसांवर होता. तिनं अर्धं मडकं ओतलं, ढवळलं, वाट पाहिली. काही होईना. मग तिनं उरलेलंही ओतलं.

बऱ्याच वेळानं ते चपटे पाय हलले, मग वल्ह्यासारखे फिरू लागले. खेकडा तळ सोडून वर आला आणि घमेल्याच्या या कडेहून त्या कडेला ऐटीत पोहत गेला.

"माही सून खोटं नाही बोलत," शेवंताबाई सगळ्यांसमोर म्हणाली. "मले समजाले आठ महिने लागले."

संध्याकाळी बांधावरच्या खेकड्यांबरोबर त्या पाहुण्याचाही रस्सा झाला, पण घरात मिठाचा खडा नव्हता. तेवढ्यात रुख्माबाई वाटीभर मीठ घेऊन दारात आली. वाटी आनंदीच्या हातात देत, उद्या विहिरीवर येशील ना, असं तिनं हळूच विचारलं. आनंदी हसून हौ म्हणाली, अगदी लामत्याच्या बायकांसारखं.

तिनं वाटी सासूपुढे धरली. शेवंताबाईनं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि बाजूला सरकली.

"तूच टाक," ती म्हणाली.