विहंगच्या लग्नातला तिसरा

माझा थायरॉईडचा आजार इतका दुर्मीळ आहे, की नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी तो सांगताना खुशीत चहा मागवला. गळ्यातली ग्रंथी नको इतकं काम करते. वरून गोड दाबून खाल्लं, की रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि पाय काही तास सुट्टीवर जातात.

"गोळ्या चुकवू नका, गोड बंद. हृदयही थांबू शकतं," हेही ते त्याच आनंदात म्हणाले.

हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात पहिल्यांदा पाय गेले, ते विश्वकर्मा पूजेच्या जेवणानंतर. मशीनजवळ बसलो तो उठलोच नाही. सुपरवायझर मार्तंडरावांनी सगळ्यांसमोर बुटाने माझा पाय ढोसून पाहिला.

"नाटक करून राहिला हा! डोळे पाहा, हसून राहिला!"

या आजारात डोळे मोठे होतात. मी हसत नव्हतो.

निलंबित झालो. नंतर मिळालेली धंतोलीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मार्तंडरावांनी वाचून परत फेकली. कंपनीने तपासलं तोवर पाय ठणठणीत, पोटॅशियम नॉर्मल. नोकरीचा निकाल मॅनेजर साहेब सोमवारी देणार होते. आणि रविवारी मार्तंडरावांच्या मुलाचं, विहंगचं लग्न होतं. आमंत्रण अख्ख्या शिफ्टला होतं. मला वगळायचं राहून गेलं.

"गोड खाऊन मरशील ना बे!" मोटारसायकल लावता लावता माझ्या शिफ्टमधला पियुष म्हणाला.

"मग तर त्याले पटनच."

पंगतीत वरबाप स्वतः जिलेबीचा आग्रह करत फिरत होता. मागे व्हिडिओवाला. माझ्यापाशी मार्तंडराव अडखळले, पण शेजारी नवरीचे, सोनिकाचे वडील, म्हणजे नवे व्याही, बघत होते. पाहुण्याला टाळून पुढे जाता येईना.

"घ्या, साहिलभाऊ," ते दात आवळत म्हणाले.

"पथ्य आहे, साहेब."

"माझी शपथ आहे गा!"

कॅमेरा हलेना, म्हणून त्यांच्या शपथाही थांबेनात. मी एकेक जिलेबी खाऊन मान राखत गेलो.

दुपारी लॉनवर झोप काढली. संध्याकाळी मांड्या जड झाल्या, तसा स्टेजवर चढलो आणि विहंग-सोनिकाच्या मधोमध सोफ्यावर बसलो.

"दादा, झाला फोटो. उठा," फोटोग्राफर म्हणाला.

मी प्रामाणिक प्रयत्न केला.

रांग सरकत राहिली. मामा, मावश्या, आत्या येऊन आम्हा तिघांना आशीर्वाद देऊन गेल्या. शेवटी व्याही चढले.

"हा तर पंगतीतला तुमचा पाहुणा! पोरापोरीच्या मधात काहून बसला? असे बेवडे आहेत का तुमच्या घरात? चाल वं सोनिका, घरी!"

मार्तंडराव माझ्या कानाशी वाकले. "उठ ना गा, हात जोडतो."

"नाटक करून राहिलो, साहेब."

सोनिकाने हार काढायला घेतला. तेव्हा मार्तंडराव माईकच्या वरताण ओरडले, "अहो, तो पिऊन नाही! त्याले थायरॉईडची बिमारी आहे! गोड खाल्लं की पाय जातात, कारखान्यात म्या माह्या डोळ्यानं पाहिलं!"

"असं?" रांगेतून आवाज आला. पुष्पगुच्छ घेऊन मॅनेजर साहेब उभे होते. "मग मला ते नाटक आहे असं का सांगितलंत?"



दवाखान्यात न्यायला मला उचललं. पियुषने खांदे धरले, मार्तंडरावांनी पाय. मॅनेजर साहेबांनी गाडीचं दार उघडलं आणि म्हणाले, "बरे झालात की ड्युटीवर या."

व्हिडिओवाला मागे होताच. मी मोठ्या डोळ्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं.

या वेळी मात्र हसत होतो.