झरा पांढऱ्या कागदाखालचा

मारवाडच्या उघड्या डोंगरांवर ताम्रवर्णी सकाळ उतरली. निष्पर्ण, निर्जल, निःशब्द डोंगर. एका सपाट खडकावर स्थलदर्शक नकाशा पसरून प्रमिला दाभाडे गुडघ्यांवर बसली.

तपकिरी समोच्च रेषांची दाटी, म्हणजे कडा. काळी तुटक रेघ, म्हणजे कोरडा ओढा. चिमूटभर पिवळा, म्हणजे कुणाची तरी बाजरी. बाकी सगळा पांढरा, पडीक, पोरका कागद; आणि त्यात एकच निळा ठिपका, म्हणजे बारमाही झरा. चाळीस वर्षांपूर्वी तो तिच्या वडिलांनी मांडला होता. अण्णा जाऊन दहा वर्षं झाली, तरी त्यांची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सर्वेक्षण खात्यात अजून म्हणत.

ती जुने नकाशे तपासायला आली होती, आणि ठिपक्याच्या घळीत नुसते तापलेले दगड होते. ओल नाही, शेवाळ नाही, गवताची काडी नाही. इथं पाणी कधी नव्हतंच, हे खडक बघूनच तिला कळलं. अण्णा चुकले होते. तिला रडू आलं.

मेंढ्या राखणारी म्हातारी हंजाबाई केव्हाची बघत होती. प्रमिलाला खूण करून ती पुढं चालू लागली. डोंगराची एक सोंड ओलांडली, बोरीच्या काट्यांचा ढीग सारला. खाली नीलवर्ण, निश्चल, नितळ पाणी.

“तो नकाशावाला हेच पाणी प्याला होता, बाईसा,” ती म्हणाली. “हे कागदावर मांडू नका म्हणून माझ्या सासऱ्यानं पागोटं त्याच्या पायावर ठेवलं. तहानलेला आला तर आम्ही पाजतो. कागद बघून येणारा पंप घेऊन येतो.”

पाणी नाही असं लिहायला अण्णांचा हात धजला नव्हता. म्हणून त्यांनी ठिपका एक घळ सरकवला होता. प्रमिला ओंजळीनं प्यायली. गार, गोड, खोल पाणी. तिला वडिलांचा राग आला, आणि माया त्याहून जास्त आली.

खोटा ठिपका राहिला, तर त्याच्या भरवशावर एखादा तहानेनं मरेल. खरा मांडला, तर झराच मरेल. तिसरी वाट होती, पण ती अण्णांच्या अब्रूवरून जात होती.

तिनं ठिपक्यावर काट मारली. शेऱ्यात लिहिलं: येथे झरा नाही, मूळ सर्वेक्षकाची चूक. मूळ सर्वेक्षक, दाभाडे. तपासनीस, दाभाडे. उन्हात शाई लवकर वाळली. आणि पलीकडच्या घळीवरचा कागद पांढरा, पांढरा, पांढराच राहिला.