दहा नंबरचा पाना

पाना चौथ्यांदा सटकला आणि रणजितच्या बोटांची सालटी इंजिनाशेजारच्या पत्र्यावर निघाली. तोंडात आलेली शिवी त्याने गिळली, कारण खिडकीत आई होती. हात झटकून त्याने पुन्हा बॉनेटखाली डोकं घातलं. एअर फिल्टरचा मूळचा काळा डबा बाहेर काढण्यातच कालची संध्याकाळ गेली होती. आता परदेशातून मागवलेला नवा फिल्टर, शंकूच्या आकाराचा, लाल जाळीचा, इंजिनाची धग अडवणाऱ्या त्याच्या पत्र्याच्या आडोशासकट बसवायचा होता. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, लागणारा वेळ पंचेचाळीस मिनिटं. लिहिणाऱ्याने ते बहुधा खुर्चीत बसून लिहिलं असावं.

"पोहं गार व्हाय लागलं, ये की रं," कौशल्याबाईंनी खिडकीतून तिसऱ्यांदा हाक मारली.

आडोशाचे दोनच बोल्ट राहिले होते. रणजितने पाना पेटीत ठेवला, पेटी गाडीच्या चाकाशी सरकवली आणि तो हात धुऊन आत गेला. पोहे खायला त्याला दहा मिनिटं लागली असतील. परत आला तर पेटी जागेवर नव्हती.

त्याने गाडीखाली पाहिलं, डिकीत पाहिलं, कुंड्यांमागे पाहिलं. मग संस्कृतीच्या खोलीचं दार वाजवलं.

"माझी पेटी घेतलीस?"

"मी कशाला घेऊ? माझं सबमिशन आहे यार, ओरडू नकोस," बहीण आतूनच म्हणाली.

ओरडण्यासारखंच होतं. उद्या दसरा. उद्या सकाळी सहाला रणजितच्या गाडीवाल्या मित्रांचा ताफा खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या रस्त्याला निघणार होता. या मंडळींत रणजित नवा. वाघोलीच्या शेतात टॉवर उभे राहिले, त्या पैशातून ही दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी दारात आली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागे एकदा प्रभात रोडचा शौनक कॉफी ढवळत म्हणाला होता, "गुंठामंत्र्यांचं बरं असतं. जमीन बिल्डर घेतो, पाना मेकॅनिक धरतो, हे फक्त स्टिअरिंग धरतात." सगळे हसले होते. रणजितही हसला होता, आणि ते स्वतःचं हसणंच त्याला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने ग्रुपवर लिहून टाकलं की नवा फिल्टर मी स्वतः बसवणार, दसऱ्याला आवाज ऐका.

लिहिलं तेव्हा त्याने आयुष्यात एकही नट सोडवलेला नव्हता. त्याचे वडील जयसिंग, सगळ्या वाघोलीचे अण्णा, यांनी पंचक्रोशीतल्या विहिरींवरची डिझेल इंजिनं पस्तीस वर्षं दुरुस्त केली. पण पोराचे हात काळे होऊ नयेत म्हणून त्याला त्यांनी कधी हत्यारांच्या जवळ फिरकू दिलं नाही. शिकवणीला धाडलं. त्यामुळे रणजितला जे काही येत होतं ते तीन महिने मोबाइलवर बघून, बोटं सोलून घेऊन आलेलं होतं. ते थोडंच होतं, पण त्याचं होतं. उद्या गाडी नेता आली नाही तर शौनकचं वाक्य कायमचं कपाळावर बसणार होतं.

शोधाशोधीत अर्धा तास गेला, तेव्हा पेटी सापडली ती पुढच्या पडवीत. फरशीवर घोंगडी अंथरलेली. तिच्यावर अण्णांचे पाने, हातोडे, पकडी, छिन्न्या ओळीने मांडलेल्या. त्यांच्यात त्याची पेटी, उघडी. आतला प्रत्येक पाना धुऊन पुसलेला, प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट आणि झेंडूची एकेक पाकळी. उदबत्ती अर्ध्यावर आली होती. रणजितच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"अण्णा, हे काय?"

"खंडेनवमी हाय आज," अण्णा म्हणाले. ते भिंतीला टेकून बसले होते.

"ते माहितीये. माझी पेटी कशाला घेतलीत?"

"हत्यारंच हायती न्हवं ती?"

"अहो, माझं काम अर्धं राहिलंय! जुना डबा काढलाय, नवा लागलेला नाही. अशी गाडी चालवता येत नाही. दोन बोल्ट आहेत फक्त. दहा मिनिटं द्या, मग परत ठेवतो."

"पूजा झाली. आता उद्या सांजच्याला, शिलंगण झाल्यावर."

"मला सकाळी सहाला जायचंय!"

अण्णांनी पुढे वाकून घोंगडीची दुमडलेली कड सरळ केली. या घरात खंडेनवमीला पूजलेल्या हत्याराला दसऱ्याचं शिलंगण होईपर्यंत कोणी हात लावत नसे. एकदा पिकाला पाणी द्यायच्या ऐन दिवसांत शेजारच्या मळ्यातलं इंजिन बंद पडलं होतं, तेव्हाही अण्णा जागचे हलले नव्हते. रणजितला हे लहानपणापासून माहीत होतं. म्हणूनच त्याने अण्णांच्या हत्यारांकडे नजरसुद्धा टाकली नव्हती. त्याची स्वतःची पेटी यात ओढली जाईल, हे मात्र त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्याने संस्कृतीची स्कूटर काढली आणि तो नगर रस्त्याला लागला. पहिल्या गॅरेजचं शटर अर्धं खाली. आत मेकॅनिक पांढऱ्या शर्टात बसलेला, पटकन ओळखूही येत नव्हता.

"दहा नंबरचा पाना दे रे तासाभरासाठी."

"शेठ, आज पाना उचलला तर वस्ताद मला उचलंल."

दुसऱ्या गॅरेजमध्ये पेढा मिळाला, पाना नाही. पंक्चरवाल्याने हवेच्या टाकीला हार घातला होता आणि तो गावी गेला होता. वेल्डिंगवाला, नळवाला, सगळ्यांची हत्यारं फुलं लेवून बसलेली. लाखभर वस्तीच्या वाघोलीत एक साधा पाना मोकळा नव्हता. रणजितला रडू यायचंच बाकी होतं. अडला हरी म्हणत शेवटी तो हार्डवेअरच्या दुकानात शिरला.

"दहा-अकराचा दुतोंडी पाना द्या."

"आज?" काउंटरमागच्या दीनानाथकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. ते शहरातून इथे राहायला आले होते, जीभ मात्र तिकडचीच आणली होती. "घ्या. विकायला काही आडकाठी नाही. वापरायचं पाप तुमचं तुम्ही बघा."

घरी येऊन त्याने पाना बोल्टवर लावून पाहिला. चपखल बसला. लांब दांडा नव्हता, अडचणीत हात घालून अर्धा-अर्धा वळसा द्यावा लागणार होता, पण तासाभरात काम झालं असतं. तरीही त्याने वळसा दिला नाही. राग पोटात मावत नव्हता, आणि तो आधी कुठेतरी ओतल्याशिवाय हात चालणार नव्हता. पाना घेऊन तो पडवीत गेला.

"हा बघा. मिळाला मला."

अण्णांनी पाहिलं.

"मला एकच सांगा," रणजितचा आवाज चढला, "गेल्या वर्षी हीच पेटी मी स्वतः आणून इथे ठेवली होती. तुम्ही बाजूला सारलीत. दुकानातला माल पूजेत कशाला, म्हणालात. आणि यंदा नेमकं माझं काम अडलेलं असताना तुम्हाला हिची आठवण झाली?"

"गेल्या साली ती नवी हुती," अण्णा म्हणाले. "कागदसुदिक निघाला न्हवता आतला."

"मग?"

"आज सकाळी बघितली. पान्यांना ऑइल लागल्यालं. दांड्याला रगत हुतं वाइच." त्यांनी रणजितच्या हाताकडे पाहिलं नाही, घोंगडीकडेच पाहिलं. "तवा म्हणलं, आता हत्यारं झाली ती."

रणजितने घोंगडीकडे नीट पाहिलं. मघाशी रागाच्या भरात हे त्याला दिसलंच नव्हतं. त्याची पेटी कडेला, उरलेल्या जागेत ठेवलेली नव्हती. ती मधोमध होती, अण्णांच्या मोठ्या पाइप-पान्याला लागून. घोंगडी आखूड पडली म्हणून अण्णांनी आपले दोन जुने पाने खाली फरशीवर, फडक्यावर उतरवले होते. रणजितला एकदम फार बरं वाटलं, आणि अशा वेळी बरं वाटावं याचाच त्याला पुन्हा राग आला. उद्या सकाळचे सहा काही टळत नव्हते.

त्याने हातातला पाना पुढे केला.

"मग हा पण ठेवा."

अण्णांनी पाना घेतला, उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्याने त्याची चकाकी पुसल्यासारखं केलं आणि परत दिला.

"ह्यो कोरा हाय. फुडल्या साली बघू."

एवढं बोलून ते गुडघ्यावर हात देत उठले आणि जेवायला आत गेले. तो पाना वापर असंही म्हणाले नाहीत, वापरू नको असंही म्हणाले नाहीत.

रणजित गाडीपाशी आला. बॉनेट उघडंच होतं. लाल फिल्टर तोंड वर करून तिरका बसला होता आणि त्याच्या खाली दोन बोल्ट मोकळे लोंबत होते. तेवढ्यात खिशात फोन वाजला. शौनक होता.

"काय रे, बसला का? आवाज ऐकव ना जरा."

"नाही बसला. दोन बोल्ट राहिलेत."

"वाटलंच मला. अरे, मग मेकॅनिक बोलव ना सरळ. उगाच कशाला मारामारी?"

"आज कुणी येत नाही. खंडेनवमी आहे. आज सगळ्या मेकॅनिकांना सुट्टी असते."

"पण तूच बसवणार होतास ना? ग्रुपवर तर मोठं लिहिलं होतंस."

नवा पाना रणजितच्या दुसऱ्या हातात होता. तो त्याने गाडीच्या टपावर ठेवला, काचेला लागणार नाही असा.

"हो," तो म्हणाला. "मलाही सुट्टी आहे."

पलीकडे शौनक हसायला लागला. रणजितने त्याला हसू दिलं.