आईची उडी पडद्यावर

मी एक फोटो. वय अवघं सहा दिवस, पण अनुभव ऐकाल तर थक्क व्हाल!

माझा जन्म पोहण्याच्या तलावावर झाला. जन्मभर पाण्याला भ्यालेली, एकसष्ट वर्षांची एक आई नाक दाबून, डोळे मिटून फळीवरून उडाली. ती हवेत असतानाच लेकीनं मोबाइलचं बटण दाबलं.

घरी आल्यावर मात्र आईनं कच खाल्ली. "चुकून पडले गं मी. पुन्हा नाही जायची."

आई घरीच संगणकावर इमारतींचे नकाशे काढते. ती बाजारात गेल्याचं बघून लेक म्हणाली, "बाबा, हा फोटो तिच्या लॉक स्क्रीनवर लावू या. रोज दिसला की पटेल तिला."

तिनं मला मोबाइलमधून पेनड्राइव्हमध्ये घेतलं, तिथून पडद्यासाठी लावलं, पेनड्राइव्ह काढला, संगणक लॉक केला, तर पडद्यावर कुठलं तरी परकं सरोवर! पुन्हा लावलं, पुन्हा सरोवर. माझा जीव नुसता खालीवर.

"सरक जरा," बाबा म्हणाले. टेलिफोनच्या तारा जोडण्यात त्यांची हयात गेलेली. "अगं, फोटो पेनड्राइव्हमध्ये आणि पेनड्राइव्ह तुझ्या मुठीत! संगणकानं शोधायचा कुठे?"

त्यांनी मला संगणकातच उतरवून घेतलं. सेटिंगमध्ये रोज नवं चित्र दाखवायचं ठरलेलं होतं, तेही बदललं. लॉक केलं आणि मी झळकलो! पण अर्धाच. मी उभा, पडदा आडवा.

"बाबा, आईचे नुसते पाय!"

दोघं हसून बेजार. इतक्यात फाटक वाजलं. बाबा धावत जाऊन दारातच आईशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभे राहिले. लेकीनं घाईघाईनं माझ्या दोन्ही बाजूंना निळा रंग जोडून मला रुंद केलं, पुन्हा लावलं आणि संगणक लॉक केला.

आई खुर्चीत बसली. कीबोर्डकडे गेलेला हात तसाच थांबला.

"ही मी?"

"तूच."

"अगं, पण मी तर हसतेय यात!"

कितीतरी वेळ तिनं एकही बटण दाबलं नाही. दाबलं असतं तर मी नाहीसा झालो असतो ना! मग वळून म्हणाली, "उद्या तलाव किती वाजता उघडतो?"

आता ती दिवसातून दहादा संगणक लॉक करते, उगाचच. "अगं, नकाशे कधी पुरे करणार?" बाबा चिडवतात.

तुमच्याही मोबाइलमध्ये माझी भावंडं कोंडलेली असतील. एखाद्याला बाहेर काढा. पहिल्या खेपेला नाही जमलं तर सोडून देऊ नका. आम्ही आत ताटकळत असतो हो!